डॉसन सिटी

डॉसन सिटी हे कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील, युकॉन व क्लॉन्डाइक या नद्यांच्या संगमावर वसलेले छोटे ऐतिहासिक गाव असून उत्तरेकडील लांब पल्ल्याच्या रस्तेप्रवासातील ते महत्त्वाचे मुक्कामाचे ठिकाण आहे. युकॉनची आजची राजधानी असलेल्या व्हाइटहॉर्सहून क्लॉन्डाइक महामार्गाने सुमारे ५३० किलोमीटर प्रवास केल्यावर येथे पोहोचता येते. भूवैज्ञानिक जॉर्ज मर्सर डॉसन यांच्यावरून गावाला हे नाव मिळाले.

ऑगस्ट १८९६ मध्ये जवळच्या रॅबिट ओढ्यात, ज्याला पुढे बोनान्झा हे नाव पडले, केइश ऊर्फ स्कूकम जिम, त्यांचा भाचा डॉसन चार्ली आणि मेहुणा जॉर्ज कार्मॅक यांना सोने सापडले. ही बातमी १८९७ मध्ये बाहेरच्या जगात पसरताच लोकांची रीघ लागली आणि १८९८ पर्यंत गावाची वस्ती सुमारे ३०,००० वर गेली. मात्र सोने असलेल्या चांगल्या जागांवरचे खाणकामाचे दावे आधीच नोंदले गेले असल्याने उशिरा आलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती काहीच लागले नाही. १८९९ मध्ये अलास्कातील नोम येथे सोने मिळाल्याचे कळताच हजारो जण तिकडे निघून गेले. तोवर डॉसनकडे असलेला युकॉनच्या राजधानीचा मानही १९५३ मध्ये व्हाइटहॉर्सकडे गेला.

मुक्कामी प्रवाशाने गाव पायीच पाहावे. येथील जमीन पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली, आहे. घरातील उबेने खालचा बर्फ वितळला की जमीन खचते आणि इमारत कलते. थर्ड अव्हेन्यूवरील काही जुन्या लाकडी इमारती अशा खचून एकमेकींवर रेलल्या असून, हा परिणाम लोकांना पाहता यावा म्हणून त्या मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. कच्चे रस्ते आणि फळ्यांचे पदपथ हेही निव्वळ सजावटीसाठी नाहीत, कारण अशा जमिनीवर डांबरीकरण टिकवणे अवघड असते.

बोनान्झा ओढ्याकाठी क्रमांक ४ चा ड्रेजर हे अवाढव्य तरंगते यंत्र जतन केलेले आहे. ते १९५९ पर्यंत चालले. पुढच्या टोकाच्या बादल्यांच्या साखळीने ते गाळ उपसत असे, पोटातील फिरत्या चाळणीत तो धुऊन सोने वेगळे काढत असे आणि उरलेले दगडगोटे मागे टाकत पुढे सरकत असे. अजस्र सुरवंटांसारखे दिसणारे ते ढिगारे दरीत अजूनही पसरलेले आहेत. सोन्याची खरी किंमत त्यांच्याकडे पाहिल्यावरच कळते.

ती किंमत सर्वाधिक मोजली ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांनी. संगमावरील ट्रॉचेक हे त्यांचे पिढीजात मासेमारीचे ठाणे गर्दीने गिळले, आणि त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या प्रवाहाच्या दिशेने काही किलोमीटर खाली मूसहाइड येथे नेले. त्यांची बाजू जाणून घेण्यासाठी नदीकाठचे दानोजा झो सांस्कृतिक केंद्र आवर्जून पाहावे. त्याविना डॉसनची भेट अपुरी राहते. ‘ट्रॉन्डेक-क्लॉन्डाइक’ या नावाने या परिसरातील आठ स्थळांचा २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

येथून पुढे दोन वाटा फुटतात. अलास्काकडे जाणारा टॉप ऑफ द वर्ल्ड महामार्ग युकॉनच्या पैलतीरावरून सुरू होतो. नदीवर पूल नसल्याने उन्हाळ्यात मोफत फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यावी लागते. हा मार्ग हिवाळ्यात बंद असतो. दुसरा, गावापासून सुमारे ४० किलोमीटर अलीकडे सुरू होणारा डेम्पस्टर महामार्ग खडीचा असून तो टूमस्टोन पर्वतरांगांतून उत्तर ध्रुववृत्त ओलांडून इनुविक या गावाकडे जातो. त्यावर ईगल प्लेन्स या थांब्यापर्यंतच्या जवळपास ३७० किलोमीटरमध्ये इंधन मिळत नाही, म्हणून टाकी भरून, एखादे जादा चाक बरोबर घेऊनच निघावे.