पट्ट्याला न दिसणारी कळशी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून पलीकडच्या वस्तीतला सार्वजनिक नळ जेमतेम तीस फुटांवर आहे. संध्याकाळी पाचला भिंतीच्या अलीकडून सहावीतला एक मुलगा आईच्या स्कूटरवर मागे बसून पोहायच्या क्लासला निघतो. त्याच वेळी पलीकडे साधारण त्याच्याच वयाची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन रांगेत उभी असते. नंबर आला की भाऊ खाली आणि कळशी कमरेवर. दहा लिटरची कळशी म्हणजे दहा किलोचं ओझं, आणि अशा पाच-सहा खेपा.

या दोघांत शरीराची हालचाल जास्त कोणाची होते?

मुलांची हालचाल मोजायला शास्त्रज्ञ अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचं काडेपेटीएवढं यंत्र वापरतात. ते बहुतेक वेळा इलॅस्टिकच्या पट्ट्याने कमरेला बांधतात. धावताना, उड्या मारताना कंबर हिंदकळते, तो प्रत्येक हिसका यंत्र टिपतं. त्यावरून दिवसभरात चांगला दम लागेल अशी हालचाल किती मिनिटं झाली ते काढता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 5 ते 17 वर्षांच्या मुलांना अशी हालचाल रोज सरासरी 60 मिनिटं हवी.

पण पोहायला उतरताना हा पट्टा सहसा काढून ठेवतात. सायकल चालवताना कंबर जवळजवळ स्थिर असते, म्हणून सायकलही नीट मोजली जात नाही. आणि कळशी? यंत्राला पावलं कळतात, ओझं कळत नाही. भरली कळशी घेऊन माणूस जपून, हळू चालतो, त्यामुळे पट्ट्याच्या लेखी ती मुलगी नुसती रमतगमत फिरत असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे कष्ट निसटले ते असे.

तरीही या पट्ट्याने बरंच काही दाखवून दिलं आहे. ब्रिटनमध्ये 2000 ते 2002 या काळात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा होतो आहे. त्यातल्या साडेसहा हजारांच्या आसपास मुलांना सातव्या वर्षी हा पट्टा बांधला होता. 2013 मध्ये निष्कर्ष आले. तासभराची मर्यादा गाठणारी मुलं निम्मीच, 51 टक्के. त्यात मुलगे 63 टक्के, तर मुली अवघ्या 38 टक्के. सगळ्यात कमी हालचाल करणाऱ्या गटांत भारतीय वंशाची मुलं होती. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांनीही याचा विचार करायला हवा.

श्रीमंत देशांतल्या संशोधनात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्नावली भरून घेतली की सधन घरातली मुलं पुढे असतात. पट्टा बांधला की तो फरक बराच आक्रसतो, काही ठिकाणी उरतच नाही. क्लास, संघ, स्पर्धा आठवतात आणि फॉर्मवर लिहिता येतात. गल्लीतली पकडापकडी कोण लिहिणार? मला यातून असं वाटतं की पैशाने हालचाल किती होते यापेक्षा ती कोणत्या तऱ्हेची होते हे जास्त बदलतं. एका घरात खेळाला फी, गणवेश आणि ने-आण करणारं मोठं माणूस लागतं. दुसऱ्या घरात वडील बारा तासांच्या ड्युटीवर आणि आई चार घरची कामं करायला गेलेली, म्हणून मूल मोकळं तरी असतं किंवा कामाला जुंपलेलं तरी.

आपल्याकडे चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत (2017-18) देशातले जवळजवळ 60 टक्के विद्यार्थी शाळेत चालत जात असल्याचं दिसलं. घरची परिस्थिती सुधारली की पहिल्यांदा हेच चालणं जातं, कारण दारात व्हॅन येते. दुसरीकडे, 2019 मध्ये 146 देशांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 11 ते 17 वयोगटातली भारतातली चारपैकी जवळजवळ तीन शाळकरी मुलं पुरेशी हालचाल करत नसल्याचं दिसलं. जगाची सरासरी 81 टक्के, म्हणजे आपण किंचित बरे. संशोधकांचा अंदाज असा की मुलग्यांना क्रिकेटने तारलं असावं आणि मुलींना घरकामाने.

हे वाचून मी थबकले. घरकाम आकड्यात हालचाल म्हणून जमा झालं, पण शरीराला ते खेळाच्या जागी चालत नाही. उंची सर्वांत झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांपैकी साधारण पाव हिस्सा साठतो. मुलींमध्ये हा काळ अकरा ते चौदाच्या दरम्यान येतो. तेव्हा हाडांना हव्या असतात उड्या, धावणं, अचानक घेतलेली वळणं. नेमक्या याच वयात "आता मोठी झालीस, पुरे झालं उंडारणं" असं सांगून तिला घरात घेतलं जातं. मला या वाक्याची चीड येते. खो-खोला दोन खांब आणि सपाट जमीन एवढंच लागतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार, प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचीच. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच शाळेला मैदान हवं असं सांगितलं आहे. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं, आणि दहावीजवळ पीटीचा तास गणिताला जातो.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा सुटू नये हा त्यामागचा हेतू. पण चार किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, म्हणजे साधारण चाळीस मिनिटांचा चांगला व्यायाम रोज पदरात पडतो, तोही फी न भरता. पट्ट्याला तो दिसणार नाही, एवढंच.

आमच्या भिंतीपलीकडे कधीकधी नळाला पाणी लवकर येतं. त्या दिवशी तिच्या खेपा पाच वाजायच्या आत संपतात. मग भावाला पायरीवर बसवून, ओढणी कमरेला घट्ट खोचून ती लंगडीत शिरते.