व्हर्च्युअल स्विच

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने घडवलेले संगणक) चालवणाऱ्या होस्टवर, म्हणजे खऱ्या संगणकावर, हायपरव्हायझरच्या (या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आत काम करणारा, सॉफ्टवेअरने घडवलेला इथरनेट स्विच, म्हणजे नेटवर्कवरची माहिती योग्य मशीनकडे पोहोचवणारा दुवा. प्रत्येक मशीनचे आभासी नेटवर्क कार्ड त्याच्या एकेका पोर्टला जोडलेले असते. होस्टचे खरे कार्ड हा बाहेर जायचा रस्ता, त्याला अपलिंक म्हणतात. अपलिंक नसलेला स्विचही चालतो, मात्र त्यावरच्या मशीन बाहेरच्या जगाशी बोलू शकत नाहीत. एकाच होस्टवरच्या, एकाच व्हीलॅनमधल्या (नेटवर्कच्या एकाच आभासी विभागातल्या) दोन मशीनची देवाणघेवाण सहसा मेमरीतच उरकते, केबलवर येतच नाही. त्यामुळे बाहेर बसवलेल्या फायरवॉलला ती दिसत नाही, आणि आखणी करताना नेमके हेच विसरले जाते.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरमध्ये स्विचचे तीन प्रकार आहेत: एक्स्टर्नल खऱ्या कार्डाला बांधलेला, इंटर्नल होस्ट आणि मशीन यांच्यापुरता, प्रायव्हेट फक्त मशीनमधला. लिनक्सवर कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) ब्रिज हेच काम करतो. ओपन व्हीस्विच हा मुक्त-स्रोत व्हर्च्युअल स्विच २०१२ मध्ये कर्नल ३.३ सोबत लिनक्सच्या मूळ प्रवाहात आला. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरमध्ये स्विचवर पोर्ट ग्रुप (पोर्टांचे गट) पाडतात आणि व्हीलॅन, सुरक्षा वगैरे नियम त्या ग्रुपला लावतात.

ईएसएक्सआयच्या साध्या स्विचला मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख क्रमांक) शिकत बसावे लागत नाहीत. कोणत्या पोर्टवर कोणते कार्ड आहे हे हायपरव्हायझरला आधीच ठाऊक असते. एका अपलिंकवरून आलेली फ्रेम (माहितीचा तुकडा) तो दुसऱ्या अपलिंकवरून बाहेर सोडत नाही, म्हणून स्विचमुळे लूप होत नाही, म्हणजे फ्रेम गोल फिरत राहत नाहीत, आणि लूप रोखणाऱ्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीची गरज उरत नाही. लूप करायचाच असेल तर तो मशीनच्या आत दोन कार्डे ब्रिज करून होतो. अशा मशीनने बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचा संदेश) बाहेर पाठवला आणि समोरच्या खऱ्या स्विचवर असा संदेश येताच पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड चालू असला, तर त्या स्विचचे पोर्ट बंद पडते. एकाच्या चुकीने त्या अपलिंकवर विसंबलेल्या साऱ्या मशीन तुटतात.

व्यवस्थापनातला खरा धोका असा की ज्या कार्डावरून आपण होस्टपर्यंत पोहोचलो, तेच कार्ड बहुधा स्विचला द्यायचे असते. हायपर-व्हीत एक्स्टर्नल स्विच बनवताना दूरचा संपर्क क्षणभर तुटतो. त्यावेळी कार्ड होस्टसाठीही वापरू देण्याचा पर्याय निवडला नसेल, तर तो परत जुळतच नाही. होस्टला दुसरे कार्ड असेल तर व्यवस्थापनाची वाहतूक वेगळी ठेवणे केव्हाही बरे. नसेल, तर हे काम कन्सोलसमोर बसून करावे.

होस्ट वाढले की ईएसएक्सआयच्या साध्या स्विचचा कंटाळवाणा भाग सुरू होतो. पोर्ट ग्रुपचे नाव प्रत्येक होस्टवर अक्षरशः तेच लागते, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरकही चालत नाही. नाहीतर चालू मशीन दुसरीकडे हलवताना व्हीमोशन (त्यासाठीची व्हीएमवेअरची सोय) नकार देते. यावर उपाय म्हणून २००९ मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ सोबत अनेक होस्टवर पसरलेला डिस्ट्रिब्युटेड स्विच आला. त्याची मांडणी व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकदाच करायची, होस्ट तिची प्रत बाळगतात. व्हीसेंटर बंद पडले तरी वाहतूक चालू राहते, बदल मात्र खोळंबतात.

व्हीलॅन क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत देता येतात. ईएसएक्सआयच्या साध्या स्विचवर ४०९५ दिला तर टॅग (फ्रेमवरची व्हीलॅनची खूण) न काढता फ्रेम मशीनकडे जातात, आणि ते सांभाळणे मशीनवर येते. प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांची वाहतूक पाहू देणारी सोय) मुळात बंद असतो, तो बंदच ठेवावा. चालू केल्यास पोर्ट ग्रुपमधली मशीन स्विचवरून जाणारी इतरांची वाहतूकही वाचू शकते. एकात एक हायपरव्हायझर चालवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये तो सहसा नाइलाजाने उघडावा लागतो.

एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० वरून ९००० केला तर मशीनचे कार्ड, व्हर्च्युअल स्विच, खरा स्विच आणि पलीकडचे टोक अशा सगळ्या ठिकाणी तो बसला पाहिजे. एखादा दुवा मागे राहिला की साधा पिंग (संपर्क तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जातो आणि मोठी फाइल मध्येच अडकते. तपासायला मोठ्या आकाराचा, तुकडे न करता पाठवलेला पिंग लागतो.