ड्रोन चित्रीकरण आणि संकलन

कॅमेरा बसवलेले छोटे दूरनियंत्रित हवाई यान उडवून हवेतून चलचित्रे घेणे आणि त्यांतून सलग पाहता येईल अशी फिल्म बांधणे, याला ड्रोन चित्रीकरण म्हणतात. छंद म्हणून ते करणाऱ्याला उड्डाण, कॅमेरा आणि संकलन ही तीन कामे एकट्यानेच शिकावी लागतात.

हवेतून चित्र टिपण्याची धडपड जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार नादार याने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. पुढे पतंगांना आणि कबुतरांनाही कॅमेरे बांधले गेले. चलचित्रांसाठी मात्र दीर्घकाळ हेलिकॉप्टर भाड्याने घ्यावे लागे. २०१३ मध्ये डीजेआय कंपनीचा फँटम हा ड्रोन बाजारात आला आणि तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी चौकटही लवकरच छोट्या ड्रोनवर बसू लागला. यान वाऱ्याने कलंडले की संवेदक ते ओळखतात आणि गिंबलच्या मोटारी कॅमेरा तितकाच उलट फिरवतात. त्यामुळे न हलणारे चित्र आता नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी मिळते. तरीही ते बघावेसे वाटेलच असे नाही, आणि खरे शिक्षण इथूनच सुरू होते.

नवशिक्याच्या बहुतेक चित्रफिती एकाच कारणाने सपाट वाटतात: ड्रोन फार उंच असतो. शंभर मीटरवरून झाडे, घरे, वाटा सगळे कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येते आणि दृश्य नकाशासारखे दिसते. पाच ते वीस मीटरवर जवळचे झाड फ्रेममधून झपाट्याने सरकते, मागची टेकडी जवळजवळ जागची हलत नाही. वेगांतल्या या फरकामुळेच डोळ्याला खोली जाणवते. म्हणून फ्रेममध्ये जवळचे काहीतरी असावे: कडा, फांदी, भिंत. अर्थात तिथे अडथळेही असतात, तेव्हा ती वाट आधी नुसती, कॅमेऱ्याची घाई न करता, सावकाश उडून पाहावी. सरळ खाली पाहणारा शॉट जमिनीवर ठसठशीत आकृती असेल तरच टिकतो.

रिमोटच्या प्रचलित मांडणीत डावी स्टिक उंची आणि दिशा बदलते, उजवी पुढे-मागे व बाजूला नेते. सुरुवातीला एका शॉटमध्ये एकच हालचाल ठेवावी आणि ती पूर्ण करावी. मग दोन जोडाव्यात: उजव्या स्टिकने बाजूला सरकताना डावीने विरुद्ध दिशेला वळवत राहिले की वस्तूभोवती प्रदक्षिणा होते. हे काम यंत्राच्या तयार मोडवर सोपवता येते, पण मोकळ्या मैदानात एखाद्या खांबाभोवती हाताने ते जमवले की बोटांना जी जाण येते, ती इतर प्रत्येक शॉटला उपयोगी पडते. सेटिंगमध्ये वळण्याचा आणि गिंबलचा वेग कमी करावा. जलद वळवलेले दृश्य सेकंदाला २४-२५ फ्रेमना अडखळत दिसते, आणि संकलनात ते दुरुस्त होत नाही. हालचाल सुरू होण्याआधी आणि संपल्यावर काही सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवावे. कट करायला तीच जागा लागते.

शटरचा वेग (एका फ्रेमसाठी शटर किती थोडा वेळ उघडते ते) फ्रेमदराच्या, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या फ्रेमच्या, दुप्पट, उदाहरणार्थ २५ फ्रेमना १/५० सेकंद, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. भर उन्हात त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. एनडी १६ मुळे प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. अशा शटरमुळे हालचालीत येणारा नैसर्गिक अस्पष्टपणा जमिनीलगत उडताना महत्त्वाचा ठरतो. उंचावरून संथ घेतलेल्या शॉटमध्ये फरक क्वचितच कळतो, म्हणून तिथे फिल्टरपायी चांगला प्रकाश दवडू नये. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग, मात्र नेहमी लॉक करावा, नाहीतर ऑटोवर एकाच शॉटमध्ये रंग मधूनच बदलतो. आकाश जळून पांढरे झाले तर त्यातले तपशील परत आणता येत नाहीत. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख, पाहून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) थोडे कमी ठेवलेले बरे. सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब पडतात आणि जमिनीचे चढउतार उठून दिसतात.

संकलनाची सुरुवात टाकून देण्यापासून होते, आणि छंदी लोक नेमके इथेच हात आखडतात. वीस मिनिटांच्या फुटेजमधून दीड-दोन मिनिटांची फिल्म निघाली तरी खूप झाले. प्रत्येक शॉटने नवे काही दाखवावे. ते दाखवून झाले की कट करावा. लागोपाठच्या शॉटमध्ये दिशा आणि वेग जुळले तर कट खटकत नाही. ६० फ्रेमने घेतलेला शॉट २४ च्या टाइमलाइनवर अडीचपट संथ करता येतो, त्यामुळे किंचित घाईत झालेले उड्डाणही सावरते. मागे जाणारा शॉट उलटा चालवून पुढे जाणारा करता येतो, पण फ्रेममध्ये लाटा, धूर किंवा चालती माणसे असतील तर लबाडी लगेच उघडी पडते.

रंगाचे काम क्रमाने करावे: आधी क्षितिज सरळ, मग एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग सगळे शॉट एकमेकांशी जुळवणे, आणि शेवटी हवी ती छटा. लॉग प्रोफाइलमध्ये, म्हणजे रंग नंतर घडवण्यासाठी असलेल्या नोंदणीच्या पद्धतीत, उजेड-सावलीचा मोठा पल्ला साठतो, पण ते फुटेज मुळात फिके दिसते आणि त्यावर कष्ट घ्यावे लागतात. १०-बिट नोंदीत प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या असतात, ८-बिटमध्ये फक्त २५६. म्हणून ८-बिट फुटेज ताणले की आकाशात पट्टे उमटतात. साध्या प्रोफाइलवर हात बसल्यावरच लॉगकडे वळावे. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती यातल्या बहुतेक कामांना पुरते. संगणक अडखळत असेल तर प्रॉक्सी फाइल, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवाव्यात.

नियम देशागणिक वेगळे असले तरी ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणे आणि सुमारे १२० मीटरची कमाल उंची पुष्कळ ठिकाणी बंधनकारक आहे. लोकांच्या डोक्यावरून उडू नये, खासगी आवारात डोकावू नये. वाऱ्याविरुद्ध परतताना बॅटरी जास्त खर्च होते आणि थंडीत ती लवकर उतरते, म्हणून तीस टक्के उरताच परत फिरावे.

बहुतेक छोटे ड्रोन आवाज टिपत नाहीत. टिपला तरी तो पंख्यांचाच असतो. म्हणून त्याच जागी उभे राहून वारा, पाणी, पक्षी यांचे आवाज फोनवर स्वतंत्र घ्यावेत, आणि जमिनीवरचे दोन-चार शॉटही घ्यावेत. हातातल्या कॅमेऱ्याने जवळून टिपलेला चेहरा किंवा पाऊलवाट मध्ये आली की पुढच्या हवाई शॉटची उंची पुन्हा जाणवते.