ऑन्टारियोत मुलाला आइस हॉकीत घालताना: हाउस लीगची नोंदणी, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

हाउस लीगमध्ये, म्हणजे निवड न करता सगळ्यांना घेणाऱ्या स्थानिक लीगमध्ये, जागा मिळायला मुलाला हॉकी उत्तम यावी लागत नाही. सप्टेंबरमध्ये सगळ्यांना बर्फावर उतरवून पाहतात खरं, पण ते संघ समतोल व्हावेत म्हणून, कोणाला गाळण्यासाठी नव्हे. घोडं अडतं ते नावात, जन्मतारखेत आणि पत्त्यात. भारतात जन्मलेल्या मुलांचं तर बहुतेक वेळा नावातच.

अर्ज कुठे करायचा

हॉकी कॅनडा ही राष्ट्रीय संस्था. तिच्याखाली प्रांताच्या मोठ्या भागासाठी ऑन्टारियो हॉकी फेडरेशन, त्याखाली जीटीएचएल (ग्रेटर टोरांटो हॉकी लीग), ओएमएचए (ऑन्टारियो मायनर हॉकी असोसिएशन) अशा संघटना आणि सगळ्यांत खाली तुमच्या शहरातली असोसिएशन. पालकांचं काम या शेवटच्या पायरीशीच पडतं. टोरांटो आणि मिसिसागा जीटीएचएलच्या छत्राखाली येतात, ऑकव्हिल आणि मिल्टन ओएमएचएच्या. ओटावाकडची व्यवस्था निराळी आहे. फक्त मुलींच्या संघात खेळायचं असेल तर ऑन्टारियो विमेन्स हॉकी असोसिएशनशी जोडलेला क्लब शोधावा. मुली इतर संघांतही खेळतात.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. नोंदणी मात्र वसंतातच उघडते. आधी जुन्या खेळाडूंना संधी मिळते, मग नव्यांना. लहान गटांच्या जागा लवकर भरतात, आणि उन्हाळाभर भारतात राहून ऑगस्टअखेर परतलेल्या घरांना बहुधा वेटलिस्टच पाहावी लागते. सुट्टीची तिकिटं काढाल त्याच आठवड्यात हा अर्जही भरून टाका.

वयाचा हिशेब

इथे शाळेची इयत्ता चालत नाही, जन्मवर्ष चालतं. हंगामातल्या ३१ डिसेंबरला मुलाचं वय किती, यावर गट ठरतो. २०२६-२७ च्या हंगामासाठी २०२६ मधून जन्मवर्ष वजा करा. उत्तर ७ किंवा ८ आलं तर यू९ (म्हणजे ‘अंडर ९’, नऊ वर्षांखालचे), ९ किंवा १० तर यू११, ११-१२ तर यू१३, १३-१४ तर यू१५ आणि १५ ते १७ तर यू१८. सहा वर्षांची आणि त्याहून लहान मुलं यू७ मध्ये. त्यामुळे ३० डिसेंबर २०१७ ला जन्मलेला मुलगा यू११ मध्ये जातो आणि दोन दिवसांनी जन्मलेली त्याची मैत्रीण यू९ मध्ये. यावर असोसिएशनच्या रजिस्ट्रारशी, म्हणजे नोंदणी पाहणाऱ्याशी, हुज्जत घालून उपयोग नाही. जुने लोक अजून ‘नोव्हिस’, ‘ॲटम’, ‘पीवी’ म्हणतात. ती नावं अनुक्रमे यू९, यू११, यू१३ ची.

मुलाला स्केटिंग अजिबात येत नसेल तर आधी शहराच्या रिंकवरचा शिकाऊ वर्ग किंवा स्केट कॅनडाचा कॅनस्केट करून घ्यावा. यू७ मध्ये पडत-धडपडत चालून जातं. तिथे आख्खं रिंक नसतं, पकही (चेंडूऐवजीची चकती) ४ औंसांचा, निळा असतो. यू११ मध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलाचे मात्र हाल होतात.

कागदपत्रं

नव्या खेळाडूसाठी साधारणपणे वयाचा पुरावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट. बाहेर जन्मलेल्या मुलांसाठी पीआर (कायम रहिवासी) कार्डही बऱ्याच ठिकाणी मागतात. महाराष्ट्रातल्या महापालिकांचे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी असे दोन्ही भाषांत असतात, ते चालून जातात. दाखला फक्त मराठीत असेल तर पासपोर्ट पुढे करणं सोपं, भाषांतराच्या खर्चात पडू नका.

नावाची गोम अशी. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं, आणि पासपोर्टवर ते ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात जाऊन बसतं. मग पासपोर्टवर ‘आरव संदीप’, शाळेत नुसता ‘आरव’ आणि हॉकीच्या अर्जात बाबांनी घाईत भरलेलं तिसरंच काहीतरी. हॉकी कॅनडाच्या नोंदणी प्रणालीत प्रत्येक खेळाडूचा एकच क्रमांक असायला हवा. नाव वेगळं पडलं की त्याच मुलाची दुसरी नोंद तयार होते आणि आधी केलेलं प्रशिक्षण, मागचा हंगाम, सगळं पहिल्या नोंदीवर राहून जातं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, पहिल्या वर्षीच भरा आणि पुढे तेच ठेवा. दुहेरी नोंद झालीच तर तिसरी करू नका. दोन्ही नोंदी एकत्र करायला रजिस्ट्रारला ईमेल करा.

तारखेचं तसंच. ०५/०९ म्हणजे आपल्यासाठी ५ सप्टेंबर, समोरच्यासाठी ९ मे. गट बदलत नाही, कारण वर्ष तेच राहतं. पण दाखला आणि अर्ज जुळत नाहीत म्हणून अर्ज ‘प्रलंबित’ दिसत राहतो. महिना अक्षरांत निवडायची सोय असेल तर तीच वापरा.

पत्त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स, वीज-गॅसचं बिल, मालमत्ता कराचं बिल किंवा भाडेकरार. नुकतेच आलेले लोक बेसमेंटमध्ये राहतात, बिलं घरमालकाच्या नावावर. अशा वेळी सही केलेला भाडेकरार आणि बँकेचं त्याच पत्त्यावरचं विवरण अशी जोडी द्यावी. मूल आधी दुसऱ्या देशात, समजा अमेरिकेत किंवा दुबईत, तिथल्या संघटनेकडे नोंदलेलं असेल तर ते अर्जातच सांगा. हस्तांतराची मंजुरी लागू शकते आणि ती एका रात्रीत येत नाही.

पालकांच्या माथी दोन गोष्टी

पहिली, ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’चा पालकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम. घरातल्या एका पालकाने केला की पुरे, साधारण तासाभराचं काम. चूक होते ती शेवटी. अभ्यासक्रम संपवून लोक खिडकी बंद करतात, पण मुलाच्या नोंदीशी तो जोडत नाहीत. मग आईच्या हातात प्रमाणपत्र, आणि असोसिएशनच्या यादीत ‘अपूर्ण’.

दुसरी, रोवन्स लॉ. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाकडची १७ वर्षांची रग्बी खेळाडू डोक्याला लागोपाठ बसलेल्या मारांमुळे २०१३ मध्ये गेली. तिच्या नावाचा हा २०१८ चा कायदा. कन्कशनची (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेची) माहिती वाचून तशी पोच दरवर्षी द्यावी लागते, १८ खालच्या मुलांच्या पालकांनीही. वयानुसार तीन वेगळ्या पुस्तिका आहेत. पोच देऊन मोकळे होऊ नका, कारण संशयित कन्कशननंतर डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरची परवानगी आल्याशिवाय मुलाला पूर्ण सराव वा सामना खेळता येत नाही.

नोंदणी पूर्ण होईपर्यंत मुलाला बर्फावर घेत नाहीत, ‘आजचा दिवस राहू दे’ म्हणूनही नाही. हॉकी कॅनडाचा विमा नोंदलेल्या खेळाडूला आणि मान्यताप्राप्त सरावालाच लागू होतो.

साहित्य, नियमापुरतं

हेल्मेट आणि पूर्ण चेहरा झाकणारी जाळी, दोन्हींवर कॅनडातल्या सीएसए या मानक संस्थेचं चिन्ह हवं. गळ्याच्या पट्ट्यावर क्यूबेकच्या बीएनक्यू या मानक संस्थेची खूण हवी. जुनं साहित्य विकत घेताना या दोन खुणा आधी पाहा. गळ्याला बोचतं म्हणून पट्ट्याचं लेबल कापून टाकणारे पालक दरवर्षी भेटतात, आणि मग पट्टा नवा असून बाद. हेल्मेटला भोक पाडलं किंवा रंग दिला तरी प्रमाणपत्र गेलंच. स्केट बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतात. दुकानातून आणलेल्या नव्या स्केटना धार नसते, पहिल्या सरावाआधी लावून घ्या. नाहीतर मूल उभंच राहू शकत नाही आणि आपण म्हणतो, याला जमत नाही.

पैसे

नोंदणी शुल्क शहरागणिक बदलतं. ते जड जात असेल तर जंपस्टार्ट, किडस्पोर्ट आणि हॉकी कॅनडा फाउंडेशनचा असिस्ट फंड या तीन ठिकाणी अर्ज करता येतो. तिथे उत्पन्नाचा पुरावा मागतात, म्हणून मागच्या वर्षीची कर-निर्धारणाची नोटीस काढून ठेवा. अगदी पहिल्यांदा खेळणाऱ्या ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी ‘फर्स्ट शिफ्ट’ आहे. सहा आठवड्यांच्या त्या कार्यक्रमाच्या शुल्कातच डोक्यापासून पायापर्यंतचं साहित्य मिळतं. ‘पावती ठेवा, करात सवलत मिळते’ हा सल्ला जुना झाला. केंद्राची आणि ऑन्टारियोची अशी सवलत २०१७ पासून बंद आहे.

रेप संघ

ए, डबल ए, ट्रिपल ए हे निवडीचे संघ. त्यांच्या चाचण्या वेगळ्या, शुल्क वेगळं आणि दर आठवड्याला लांबचे प्रवास. पहिल्याच वर्षी त्यामागे धावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शहराच्या चाचणीला जायचं असेल तर चालू नियम आधी आपल्या असोसिएशनला विचारून घ्या.

पालक स्वतः संघाच्या कामात उतरणार असतील तर

प्रत्येक संघाला प्रशिक्षित ट्रेनर लागतो, म्हणजे दुखापत झाली तर पाहणारा माणूस. ट्रेनर कायम कमी पडतात, त्यामुळे नवख्या पालकांनाही विचारलं जातं. ट्रेनरचा अभ्यासक्रम आणि ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ची संघाच्या कामासाठी असलेली आवृत्ती करावी लागते. पालकांसाठीची आवृत्ती त्याऐवजी चालत नाही. शिवाय पोलिसांची व्हल्नरेबल सेक्टर तपासणी (मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहणारी), ती राहत्या भागाच्या पोलिसांकडूनच. असोसिएशनचं स्वयंसेवकाचं पत्र जोडलं तर शुल्क कमी पडतं किंवा माफ होतं. जन्मतारीख आणि लिंग पोलिसांच्या नोंदीतल्या एखाद्या गुन्हेगाराशी जुळलं तर बोटांचे ठसे मागवतात. त्यात आरोप काही नसतो, पण आठवडे जातात, म्हणून ही तपासणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच करायला टाका.