वाट अडवणारं कार्ड : 'थॅलिया'च्या आधी आणि नंतर

गणपतीच्या सुट्टीत सावंतवाडीच्या आमच्या घरी पडवीत दर वर्षी 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाचे डाव रंगतात. मुंबईहून येणारे चाकरमानी भाऊ आपापले डेक घेऊन येतात, आणि आरती-भजन आटपलं की चटई पसरली जाते. यंदा पुतण्या पहिल्यांदाच डावात बसला. माझ्या हातून पडलेलं 'थॅलिया, गार्डियन ऑफ थ्रेबन' त्याने उचलून वाचलं. दोन मानांचं (माना म्हणजे कार्ड खेळायला खर्चावं लागणारं बळ) क्रीचर, म्हणजे लढणारं पात्र; पॉवर (मारा) २, टफनेस (सोसण्याची ताकद) १. "काका, ह्यां कार्ड कित्याक खेळतास?" त्याने विचारलं.

पोराचा प्रश्न बरोबर होता. आकडे बघितले तर कार्ड सामान्यच वाटतं. पण समोरच्याचा खेळ बिघडवणाऱ्या क्रीचरची ताकद कशी जोखायची, हे ठरायला या खेळातल्या जाणकारांनाही वीसेक वर्षं लागली. ती हकिगत त्याला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, इथे सलग मांडतो.

सावंतवाडीच्या माणसाला हा प्रश्न परका वाटायला नको. आमच्या गावची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह आणि वामन या पाच रंगांत प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का सगळ्यात हलका. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाच रंगांत सगळं उलटं; तिथे एक्का प्रधानाच्या लगेच खाली आणि दहा तळाला. शिवाय दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला. म्हणजे पानावर किती ठिपके आहेत एवढंच बघून त्याची किंमत कळत नाही. रंग कुठला, वेळ कुठली, हेही पाहावं लागतं. विसाव्या शतकात ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चितारी कारागिरांकडून ती पुन्हा सुरू करवली, म्हणून आज ती पानं आपल्याला हातात घेऊन बघता येतात. मी मॅजिक शिकलो तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लहानपणी आजोबांकडून ऐकलेल्या या उलटसुलट हिशेबाचा.

'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ साली आलं. ते रचलं गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी आणि काढलं विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने. नियम ढोबळमानाने असे : डेक किमान ६० कार्डांचा, सुरुवातीला हातात सात कार्डं, जीव २०. दर टर्नला एक लँड खाली ठेवायची, लँडमधून माना काढायचा आणि त्या मानाने क्रीचर किंवा स्पेल (मंत्र) खेळायचं. पहिल्याच संचात 'ग्रिझली बेअर्स' नावाचं साधं क्रीचर होतं : दोन माना, पॉवर २, टफनेस २, अंगी दुसरा गुण काही नाही. पुढे दोन मानांत २-२ मिळणाऱ्या कुठल्याही क्रीचरला खेळाडू 'बेअर' म्हणू लागले, मग चित्रात अस्वल असो वा नसो. अशा बेअरच्या अंगावर समोरच्याला जाचणारा एखादा नियम चढवला की तो 'हेटबेअर'. थॅलियाचा टफनेस एकाने कमी असला तरी तीही याच गोतावळ्यातली.

पण सुरुवातीच्या काळात अडवणूक हे क्रीचरचं काम मानलं जात नव्हतं. स्पेल जबरदस्त आणि क्रीचर दुबळी, अशीच त्या संचांची घडण होती. खेळ गोठवायचा तर 'विंटर ऑर्ब'सारखी वस्तू वापरायची. दोन मानांच्या त्या गोळ्यामुळे प्रत्येक खेळाडूला टर्नच्या सुरुवातीला, माना काढताना आडव्या केलेल्या आपल्या लँडपैकी एकच सरळ करून पुन्हा वापरता येते. त्यात एक गोम आहे. नियम दोघांनाही लागू असतो. आपण स्वतः त्यातून कसे निसटणार, हे आधी ठरवलेलं नसेल तर आपणही त्याच खड्ड्यात.

अपवाद एक होता : 'हिप्नॉटिक स्पेक्टर'. तीन माना, उडणारं २-२, आणि त्याने समोरच्याला मारलं की समोरच्याच्या हातातलं एक कार्ड चिठ्ठी टाकल्यासारखं, न निवडता, टाकून द्यायचं. तिसऱ्या टर्नला आलं तर ठीकठाक. पण 'डार्क रिच्युअल' हे स्पेल एका काळ्या मानाचे तीन करून देतं. त्यामुळे एक लँड आणि एक रिच्युअल हातात असेल तर स्पेक्टर पहिल्याच टर्नला उतरायचं आणि दुसऱ्या टर्नपासून समोरचा हात रिकामा करत सुटायचं. कार्ड तेच, आकडे तेच, फक्त दोन टर्न आधी. अडवणाऱ्या क्रीचरबद्दल खेळाडू जी पहिली गोष्ट शिकले ती इथे. पेरणी रोहिणीत झाली की मृगात, यावर पिकाचा जसा हिशेब बदलतो, तसंच हे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ब्रायन वाइसमन या खेळाडूच्या 'द डेक' या डेकमुळे कार्डांची मोजदाद करायची सवय लागली. आपल्या एका कार्डाने समोरच्याची दोन गेली तर आपण पुढे, एकाला एक गेलं तर बरोबरी. हिशेब सोपा होता आणि उपयोगीही. पण हेटबेअरच्या बाबतीत तो अपुरा पडतो. थॅलिया समोरच्याची स्पेलं महाग करते, पण त्याचं एकही कार्ड टाकायला लावत नाही. कार्डं हातातच राहतात आणि हातातच कुजतात. हा तोटा मोजणार कसा?

२००१ साली 'प्लेनशिफ्ट' संचात 'मेडलिंग मेज' आला. निमंत्रितांची स्पर्धा जिंकल्याबद्दल खेळाडू क्रिस पिकुला यांना स्वतःचं कार्ड सुचवण्याचा मान मिळाला होता, त्यातून हे कार्ड जन्मलं. चित्रातला चेहराही त्यांचाच. दोन मानांचं २-२. खाली येताना लँड सोडून कुठल्याही एका कार्डाचं नाव घ्यायचं. मेज असेपर्यंत ते कार्ड कुणालाही खेळता येत नाही. माझ्या मते या प्रकारातलं हे सगळ्यात प्रामाणिक कार्ड. समोरच्याचा डेक पाठ असलेल्याच्या हातात ते कुलूप ठरतं, नवशिक्याच्या हातात नुसतं अस्वल. म्हणजे ताकद जोखताना कार्डासोबत खेळणाराही तराजूत घालावा लागतो.

मग २००७ चा 'लॉर्विन' संच. त्यात 'गॅडॉक टीग' हे दोन मानांचं २-२ होतं. चार किंवा जास्त मानांची, क्रीचर नसलेली स्पेलं ते बंदच करून टाकतं. त्याच संचात 'थॉर्न ऑफ अमेथिस्ट' नावाची दोन मानांची वस्तूही होती : क्रीचर नसलेल्या प्रत्येक स्पेलला एक माना जास्त. चारेक वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, 'डार्क असेन्शन'मध्ये थॅलिया आली. किंमत तीच दोन माना, नियमही शब्दशः तोच. फरक एवढाच की थॉर्न ही वस्तू आहे आणि थॅलिया हे हातात तलवार असलेलं माणूस, २-१, आणि फर्स्ट स्ट्राइकमुळे लढाईत आधी वार करणारं.

हा फरक कागदावर लहान दिसतो, पण सगळं मर्म इथेच आहे. थॉर्न समोरच्याला हळू करतो, संपवत नाही. समोरच्याला टर्नमागून टर्न मिळत राहतात, लँड साठत जातात, आणि सहाव्या-सातव्या लँडला एक माना जास्त देणं त्याला जड जात नाही. अडवणुकीला मुदत असते. थॅलिया त्या मुदतीत मारत राहते. एकटीने २० जीव संपवायला तिला दहा वार लागतील. शेजारी तीन पॉवरचं आणखी एक क्रीचर उभं राहिलं की चारच. अडवून मिळालेला वेळ वापरणारं कुणीतरी पटावर हवं, आणि इथे अडवणारीच तो वापरते.

शिवाय हा जादा मानाचा कर दोघांना लागू असला तरी भरावा लागतो एकालाच. थॅलिया खेळणाऱ्याचा डेक बहुतेक क्रीचरांचाच असतो. लेगसी या जुनी कार्डं चालणाऱ्या प्रकारात 'डेथ अँड टॅक्सेस' नावाचा डेक याच विचारावर उभा आहे. 'ईथर व्हायल' त्यात क्रीचरं फुकट उतरवतं, 'वेस्टलँड' समोरच्याच्या लँड फोडतं आणि थॅलिया उरलेल्या लँडवर कर बसवते. 'काराकास' ही लँड तर थॅलियावर वार येताच तिला उचलून परत हातात घेते.

आता समोरच्या बाजूचा हिशेब. एकाच टर्नमध्ये दहा स्पेलं टाकून जिंकणारा स्टॉर्म डेक घ्या. 'टेंड्रिल्स ऑफ अगनी' दोन जीव घेतं आणि त्या टर्नमध्ये आधी पडलेल्या प्रत्येक स्पेलमागे त्याची एकेक नक्कल होते. २० जीवांसाठी आधी नऊ स्पेलं पडावी लागतात. डार्क रिच्युअल एका मानाचे तीन करतं, म्हणजे फायदा दोनचा. थॅलिया असताना त्यालाच दोन माना लागतात, फायदा उरतो एक. फुकट पडून एक माना देणारं 'लोटस पेटल' आता एक घेऊन एक देतं. शेवटचं टेंड्रिल्सही चारऐवजी पाचला. दोन मानांच्या एका क्रीचरने त्या डेकचा सगळा जमाखर्च मोडला. तीच थॅलिया गॉब्लिनांच्या किंवा एल्फांच्या डेकसमोर ठेवा. ते बहुतेक क्रीचरच खेळतात, त्यांना कर फारसा लागतच नाही. तिथे ती आधी वार करणारी २-१, बस्स.

पुतण्याला मी हे सगळं सांगत बसलो नाही, पुढचा डाव मांडला. त्याचा डेक लाल, एका मानात तीन घाव घालणाऱ्या 'लाइटनिंग बोल्ट'सारख्या स्पेलांनी भरलेला. त्याच्या तीन लँड, हातात तीन बोल्ट. थॅलिया नसती तर एका टर्नमध्ये तिन्ही, म्हणजे नऊ जीव. थॅलिया होती म्हणून एक बोल्ट दोन मानांना, आणि तोही तिलाच मारायला. तिसरी लँड तशीच पडून राहिली. थॅलिया मेली. त्याने माझ्याकडे विजयाने बघितलं, मग आपल्या उरलेल्या लँडकडे बघितलं आणि बोटांवर मोजू लागला.

"बोल्टने मरतं, म्हणून वाईट" हा निकष खेळाडूंत फार जुना आहे. मारायला काय लागतं हे बघायला हवंच. पण थॅलियाला मारायलाही आधी तिचाच कर भरावा लागतो, हे तो निकष धरत नाही. माझ्या मते जोखायचं ते असं : हे क्रीचर मरेपर्यंत समोरच्याचे किती माना आणि किती टर्न गिळतं? येताक्षणी काम करून मोकळं होणारं क्रीचर मेलं तरी हरकत नसते; टिकून राहिलं तरच काम करणाऱ्याला पहिल्या दोन-तीन टर्नमध्येच आपली किंमत वसूल करावी लागते. म्हणूनच दुसऱ्या टर्नची थॅलिया आणि आठव्या टर्नची थॅलिया या दोन वेगळ्या बाया आहेत.

२०१७ च्या 'इक्सालान' संचात आलेल्या 'काइटसेल फ्रीबूटर'ने मेडलिंग मेजचं मोल वाढवलं. हे क्रीचर येताना समोरचा हात उघडा करून बघतं आणि क्रीचर किंवा लँड नसलेलं एक कार्ड स्वतःखाली दाबून ठेवतं. हात बघून झाला की पुढच्या मेजला नाव अंदाजाने घ्यावं लागत नाही.

थॅलियाचं मोल मात्र २०२३ मध्ये घसरलं. 'ऑर्किश बोमास्टर्स' हे दोन मानांचं काळं क्रीचर येताक्षणी कुणालाही एक घाव घालतं. थॅलियाचा टफनेस एक. बोमास्टर्स स्वतः क्रीचर, म्हणजे त्याला तिचा करही नाही. अकरा वर्षं टिकलेलं कार्ड एका अक्षरानेही बदललं नव्हतं, पण आजूबाजूचा खेळ बदलला होता. उलट टोकाला 'ग्रीफ'. चार मानांचं ३-२ क्रीचर, पण हातातलं एक काळं कार्ड बाजूला टाकलं की फुकट येतं, समोरच्याच्या हातातलं लँड सोडून एक कार्ड निवडून फेकायला लावतं आणि लगेच मरतं. खेळाडूंनी ते एका मानाच्या स्पेलने परत उठवायला सुरुवात केली. पहिल्याच टर्नला दोन कार्डं गेलेली आणि समोर ३-२ उभं. ऑगस्ट २०२४ मध्ये मॉडर्न (तुलनेने नव्या कार्डांचा प्रकार) आणि लेगसी या दोन्ही प्रकारांतून ते बाद झालं. मला तो निर्णय पटला. थॅलियासमोर पैसे मोजून का होईना खेळता येतं, ग्रीफसमोर खेळायला काही उरतच नव्हतं.

जाता जाता पावसाळ्यात खेळणाऱ्यांसाठी एक सूचना : चमकीची कार्डं कोकणात आणू नका. आमच्या हवेतल्या ओलीने ती पापडासारखी वळतात आणि डेकमध्ये पाठीवरूनच ओळखू येतात. माझी थॅलिया साध्या छपाईची आहे, ती याच कारणाने.

पडवीत आता जास्त करून चौघांचा कमांडर चालतो : १०० कार्डांचा डेक, ४० जीव, आणि प्रत्येकाचा एक सेनापती बाजूला ठेवलेला. तिथे २०२० च्या 'इकोरिया' संचातला 'ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट' वादाचं कारण आहे. दोन मानांचं १-३ क्रीचर. प्रतिस्पर्ध्यांना हाताबाहेरून कुठलंही स्पेल टाकता येत नाही, म्हणजे बाजूला ठेवलेला सेनापती बाजूलाच. एकास एक खेळात ही ताकद झाली असती. चौघांत तीन जण मिळून तुमच्यावर तुटून पडतात. थोरल्या भावाचं म्हणणं, हे कार्ड टाकूच नये. मी म्हणतो, टाकावं, पण पुढच्या दोन टर्नमध्ये डाव संपवता येणार असेल तेव्हाच. गौरी-विसर्जन करून चाकरमानी परत गेले त्याआधी आम्ही चार डाव खेळलो. मॅजिस्ट्रेट दोनदा उतरला. तिसऱ्या टर्नला उतरवला त्या डावात मी सगळ्यांत आधी बाद झालो. नवव्या टर्नला उतरवला तो डाव माझा झाला.