ब्रेकचा रबरी कप आणि इंचातलं माप

प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक खोलले की शूचं, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या कमानीचं, फारसं अडत नाही. जुन्याच शूवर नवा लायनर (घासणारं अस्तर) रिबिट मारून बसवून मिळतो. घोडं अडतं ते तेलाच्या दाबानं शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधल्या, तेल गळू न देणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या रबरी कपापाशी. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच नाही, तर तिच्या कपांची किट (सुट्या भागांचं पाकीट) दुकानदार कशाला ठेवील?

पण कपाचा जन्म पद्मिनीसाठी झालेलाच नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १९१७ मध्ये माल्कम लॉकहीडनं घेतलं. हा विमानवाल्या लॉकहीडांचा भाऊ. १९२१च्या ड्यूझेनबर्ग या अमेरिकी गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. सुरुवातीचे कप चामड्याचे, त्यामुळे गळायचे. १९२४च्या गाडीसाठी क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबर आणलं, तेव्हा कुठे ही कल्पना खरी रुळली. मग परवाने परदेशी गेले: जर्मनीत आल्फ्रेड टेव्हेसकडे, ब्रिटनमध्ये ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्सकडे.

परवान्याबरोबर इंचही गेला. फोक्सवॅगन बीटल घ्या, पक्की मिलिमीटरवाल्यांची गाडी. तिच्या मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या) बोअर, म्हणजे आतला व्यास, १९.०५ मिमी, मागच्या व्हील सिलिंडरचा १७.४६. ही मापं विचित्र वाटतात, पण तो सरळ पाऊण इंच आणि अकरा सोळांश इंच आहे. अशी इंची मापं अनेक गाड्यांत सारखीच, म्हणून दुकानात गाडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, बोअर सांगावा. तोही व्हर्नियरनं मोजून, जिथे कप घासत नाही अशा जागी. खड्डे पडलेला सिलिंडर होन करत (आतून घासून गुळगुळीत करत) बसलं तर बोअर वाढतो आणि योग्य मापाचा कपही गळतो. त्यापेक्षा पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह (आतली नळी) घालून मूळ मापावर आणलेला बरा.

रबराचं नातं तेलाशीही आहे. सुरुवातीचं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल. आजचं डॉट ३ ग्लायकॉलचं. दोन्हींत नैसर्गिक रबर टिकतं, पण इंजिन ऑइल लागलं की फुगतं.

आणि चोरबाजारात ऐंशीच्या दशकातलं सीलबंद पाकीट मिळालं तर हुरळू नका. आतली स्प्रिंग आणि ब्लीड निपल (तेलातली हवा काढायची तोटी) कामाचे निघतील. रबर मात्र पाकिटात पडून पडून कडक झालेलं असतं.