झाडं लावली की विहिरीचं पाणी वाढतंच?

‘डोंगरावर झाडं लावा, विहिरी भरतील’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. झाडोरा वाढला की वाहून जाणारं पाणी घटतं, हे खरं. कर्व्ह नंबर पद्धतीत जमिनीला क्रमांक देतात; क्रमांक जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं. या पद्धतीनं १०० मिमी पावसात ८५ क्रमांकाच्या जमिनीवरून सुमारे ६१ मिमी पाणी वाहतं, ७० क्रमांकाच्या जमिनीवरून ३३. पण अडलेले २८ मिमी सगळे भूजलात जात नाहीत! बराच वाटा झाडं मुळांनी शोषून हवेत सोडतात. निलगिरीसारखी झपाट्यानं वाढणारी झाडं दाट लावली तर ओढ्या-नद्यांचा उन्हाळी प्रवाह आटूही शकतो. माती धरून ठेवायला झाडं हवीतच, तो हिशेब वेगळा.

म्हणूनच स्वॅटसारखं (SWAT), नदीखोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब मांडणारं संगणकी मॉडेल तीनदा चालवावं: फक्त जमीनवापर बदलून, फक्त हवामान बदलून, मग दोन्ही बदलून. पहिल्या दोन वेळच्या परिणामांची बेरीज तिसऱ्याशी सहसा जुळत नाही. घोळ होतो तो जुळवणीत, म्हणजे मॉडेलचे आकडे मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून घेताना. अनेकजण मॉडेल पावसाळी पुराशी जुळवून थांबतात. पुराच्या आकड्यात बाष्पोत्सर्जनाची (झाडं हवेत सोडतात त्या पाण्याची) चूक लपून जाते, जानेवारी ते मेच्या प्रवाहात उघडी पडते. प्रवाह मोजणारं केंद्र धरणाखाली असेल तर धरणातून सोडलेल्या पाण्याच्या नोंदी आधी मॉडेलमध्ये भराव्यात, नाहीतर धरणाचा परिणाम जंगलाच्या खात्यावर जमा होतो.